बारा मिनिटांच्या बाई

जनावरांच्या त्या मोठ्या दवाखान्यात त्यांना समोर सगळे ‘मॅडम’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘बारा मिनिटांच्या बाई’. कुत्रीचं पोट उघडून गर्भाशय काढायचं आणि शेवटचा टाका घालायचा, एवढ्या कामाला बाकीच्या डॉक्टरांना पाऊण तास लागे. बाईंना बारा मिनिटं पुरत. शिकाऊ डॉक्टर घड्याळ लावून बघायला उभे राहत. बाई वरवर म्हणत, “अरे, ही काय शर्यत आहे का?” पण एखाद्या दिवशी चौदा मिनिटं लागली तर त्यांना दुपारचा डबा गोड लागत नसे. तेव्हा त्यांचं वय चौतीस होतं.

एका सोमवारी सकाळी त्यांच्या टेबलावर भुरी आली. सात वर्षांची, मातकट रंगाची कुत्री. बाजारामागच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या एका बाईंची ती एकुलती एक सोबत. दिवसभर शिलाई मशीनच्या पायाशी पडून राहायची. गेले दोन महिने ती खाल्लेलं ओकत होती आणि बरगड्या मोजता येतील इतकी खंगली होती. सोनोग्राफीत आतड्याशेजारी लिंबाएवढा गोळा दिसला. बाईंनी शिवणवाल्या बाईंना सांगितलं, “गाठ आहे. काढावी लागेल. बरी होईल ती.”

पोट उघडलं. गोळा आतड्याला असा चिकटला होता, की आतड्याचा वीतभर तुकडा कापूनच तो बाहेर काढावा लागला. बाईंनी तो ट्रेमध्ये ठेवला आणि गाठ कसली आहे ते बघायला मधोमध चिरला. आतून पू आला आणि पुवाबरोबर कापड. पिवळं पडलेलं, घडीवर घडी बसलेलं जाळीदार कापड. रक्त टिपायला वापरतात तो गॉजचा तुकडा.

टेबलापाशी मामा उभे होते. मामा म्हणजे थिएटरमधले जुने परिचर. हत्यारं उकळणं, जनावर धरणं, फरशी पुसणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“मामा, हिचं आधी ऑपरेशन झालंय कुठे?”

“इथंच, मॅडम. दोन वर्षांपूर्वी. पिल्लं होऊ नयेत म्हणून.”

“कुणी केलं होतं?”

मामांनी कपाटातल्या जुन्या रजिस्टरकडे बोट दाखवलं. टाके घालून झाल्यावर बाईंनी ते काढलं. तारीख, कुत्री, वय, आणि शेवटच्या रकान्यात त्यांचीच सही. सहीखाली त्या दिवशी हौसेनं लिहिलेलं: ११ मि. ४० से.

दवाखान्याचे मुख्य डॉक्टर, ज्यांना सगळे ‘मोठे साहेब’ म्हणत, त्यांनी बाईंच्या हातात पहिल्यांदा सुरी दिली होती. बाई तो ट्रे घेऊन त्यांच्याच खोलीत गेल्या. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ बघितलं आणि ट्रेवर कागद झाकला.

“बाहेर मालकीण बसलीय?”

“हो.”

“तिला सांग, गोळा होता, काढला. यात खोटं एक अक्षर नाही.”

“सर, पण तो माझा—”

“झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढं तुला कळत नाही? आज तू एकीला सांगशील, उद्या गावभर होईल, की या दवाखान्यात पोटात चिंध्या ठेवून शिवतात. लोक जनावरं आणायची बंद होतील. मग वाचवणार कुणाला?”

साहेब दुष्ट नव्हते. खोटं बोलायची हौसही त्यांना नव्हती. तीस वर्षं त्यांनी असंच पाहिलं होतं, असंच केलं होतं. बाईंना त्यांचं म्हणणं पटायलाही लागलं होतं. पण बाहेर बाकावर शिवणवाल्या बाई बोटात अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालतात ते टोपण, तसंच घालून बसल्या होत्या. घाईत काढायचं राहून गेलेलं. ते बघितलं आणि बाईंच्या तोंडून ठरवलेलं वाक्य निघेचना.

“ती गाठ नव्हती,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षांपूर्वी मी तिचं ऑपरेशन केलं, तेव्हा कापडाचा एक तुकडा माझ्याकडून आत राहिला. त्याचा हा त्रास झाला. चूक माझी आहे.”

शिवणवाल्या बाई रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. हळूच अंगुस्तान काढलं, मुठीत धरलं.

“आणखी कुणाच्या पोटात राहिलाय का?”

“नाही... म्हणजे, नसावा.”

“नसावा म्हणजे? तुम्हाला ठाऊक कसं?”



पाचव्या दिवशी भुरीच्या आतड्याचा सांधा सुटला आणि ती गेली. शिवणवाल्या बाई तिला जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन गेल्या.

त्या आठवड्यात बाई घरी कुणाशी धड बोलत नव्हत्या. नवऱ्याने दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. सासूबाई मात्र सोडून देणाऱ्यांपैकी नव्हत्या. माणसांच्या इस्पितळात त्यांनी पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून काढली होती. भल्याभल्या सर्जनना त्यांनी हात पुन्हा धुवायला पाठवलं होतं. बाईंनी भाजी चिरता चिरता सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं,

“मोजत कोण होतं?”

“म्हणजे?”

“अगं, गॉज. आधी किती काढले, शिवायच्या आधी किती परत आले. मोजत कोण होतं?”

“आई, आमच्याकडे कोणी मोजत नाही.”

सासूबाई सुनेकडे बघतच राहिल्या. “माणसाच्या पोटात राहिला तर माणूस बोंब तरी मारतं. मुक्या जनावरासाठी तर दुप्पट मोजायला हवं! आणि तुम्ही घड्याळ मोजत बसलात होय?”

ते बाईंना तोंडात मारल्यासारखं लागलं. पण त्या संध्याकाळी त्या कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या. काय करायचं ते आता समोर दिसत होतं.

त्यांनी गेल्या तीन वर्षांची रजिस्टरं चाळली. पोट उघडून केलेली ऑपरेशनं नऊशे चाळीस. प्रत्येकापुढे एकच शेरा, ‘ऑपरेशन यशस्वी’. जनावर टेबलावरून जिवंत उतरलं की यशस्वी. घरी जाऊन त्याचं काय झालं, याचा रकानाच नव्हता. मग बाईंनी एक जाड वही घेतली, मालकांचे फोन नंबर उतरवले आणि रोज संध्याकाळी जेवणाआधी दीड तास फोन करायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी सहा फोन झाले. चौघांनी संशयाने विचारलं, “आत्ता का विचारताय?” बाई अडखळल्या. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी फोन हातातून ओढूनच घेतला. “तू डॉक्टरसारखी बोलतेस. आण इकडे.” आणि त्या बोलू लागल्या, “कशी आहे हो मनी? खातेपिते? टाके भरले होते ना नीट, की चिघळले होते? सांगा बिनधास्त, मी काही डॉक्टरीण नाही.” समोरचा माणूस मांजराची, मग मुलांची, मग स्वतःच्या गुडघ्याची हकिकत सांगे. सासूबाई सगळं ऐकून घेत आणि सुनेला खुणेने सांगत: लिही, चिघळले होते.

चार महिने हे चाललं. सहाशे अकरा जणांशी बोलणं झालं. जखम चिघळलेली जनावरं सत्त्याण्णव. पंधरा दिवसांच्या आत दगावलेली तेवीस. त्यातल्या चारच जनावरांची दवाखान्याला खबर होती. उरलेल्यांच्या मालकांनी नशिबाला बोल लावला होता आणि पुन्हा तोंड दाखवलं नव्हतं.

आणखी एक कुत्री सापडली. गावाबाहेरच्या रोपवाटिकेतली राखणदार, काळी. मालक म्हणाला, “आहे बरी, जरा वाळलीय.” बाईंनी तिला दुसऱ्याच दिवशी बोलावलं. सोनोग्राफीत गोळा दिसला, अजून लहान, आतड्यापासून सुटा. ऑपरेशनला दोन तास लागले. बाईंनी घड्याळाकडे बघितलंही नाही. काळी दहा दिवसांनी भुंकत घरी गेली. तिच्या पोटातला गॉजही बाईंच्याच हातचा होता.

त्याच संध्याकाळी बाई शिवणवाल्या बाईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत मशीन चालू होती.

“तुम्ही विचारलं होतं ना, आणखी कुणाच्या पोटात आहे का. होता. एकीच्या. काढला. वाचली ती.”

मशीन थांबली. शिवणवाल्या बाईंनी दोरा दाताने तोडला, कापड बाजूला केलं. “बसा,” त्या म्हणाल्या. मग हात पुढे करून, “तो तुकडा दिसतो कसा? दाखवा.”

बाईंच्या पर्समध्ये कोरा गॉज होता. शिवणवाल्या बाईंनी तो बोटांमध्ये चोळला, उजेडात धरला.

“रक्तात भिजला की हा दिसायचा कसा? मांसासारखाच होणार. कडेला निळी फीत शिवा की. लांब ठेवा, टोक पोटाबाहेर लोंबेल अशी. पोटात निळं काही नसतं ना?”

“नाही.”

“मग झालं. आणि सुटे ठेवू नका. दहा-दहाची गड्डी बांधा. मी गुंड्यासुद्धा डझनाने बांधून ठेवते, एक कमी झाली तर लगेच कळतं.” त्यांनी खणातून निळ्या फितीचं रीळ काढलं आणि मशीनच्या सुईत दोरा ओवू लागल्या. “माफ केलं असं समजू नका. माझं जनावर गेलंय. पण हे करून देते.”

आता दवाखान्यात सांगायचं होतं. बाईंनी साहेबांकडे बैठक मागितली. साहेब म्हणाले, “घे, तुझं समाधान होऊ दे.” सासूबाईंनी बजावलं होतं, “नुसत्या डॉक्टरांना बसवू नकोस. हत्यारं कोण उकळतं, भूल देताना पाय कोण धरतं, त्यांनाही खुर्ची दे.” म्हणून बाईंनी मामांनाही बोलावलं. मामा दाराशीच उभे राहिले. बाईंनी स्वतः खुर्ची ओढून दिली, तेव्हा दोन डॉक्टरांनी एकमेकांकडे बघून भुवया उडवल्या.

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी वही उघडली.

“सत्त्याण्णव जखमा चिघळल्या. त्यातल्या अठ्ठावन्न माझ्या टेबलावरच्या आहेत. पोटात राहिलेले दोन्ही गॉज माझे. मी सगळ्यात भरभर हात चालवते आणि सगळ्यात वाईट काम माझं आहे. यादीत पहिलं नाव माझं लिहिलंय, बाकी कुणाचंच लिहिलेलं नाही. मला एवढंच शोधायचंय, की हे होतं कशामुळे.”

ज्यांनी भांडायला बाह्या सरसावल्या होत्या, त्यांना भांडायला कुणी उरलंच नव्हतं. शेवटी एक डॉक्टर म्हणाले, “तुम्ही एका दमात सहा ऑपरेशनं करता. सहाही जनावरांना एकाच उघड्या ड्रममधले गॉज. त्यामुळे असेल.”

“असेल. पण ड्रम तर वाफेवर निर्जंतुक होऊन येतो.”

तेव्हा मामा खाकरले. “मॅडम, ड्रम ओला येतो.”

“ओला?”

“आतले गॉज दमट असतात. वाफेच्या मशीनचं रबर झिजलंय, वाफ बाहेर जाते. आणि तो वरचा काटा आहे ना, बरोबर दाब दाखवणारा, तो गेली चार वर्षं तिथंच आहे. मशीन बंद असली तरी तिथंच असतो.”

मोठे साहेब खुर्चीत पुढे झाले. “मामा, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“बोललो होतो, साहेब. तुम्ही म्हणालात, मामा, तुम्ही तुमची फरशी बघा.” मामांच्या बोलण्यात खोच नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच.

सगळे उठून थिएटरमध्ये गेले. मशीन बंद होती. काटा छातीठोकपणे पूर्ण दाब दाखवत होता. साहेबांनी काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म.

नवं मशीन यायला अडीच महिने लागले; तोवर शेजारच्या माणसांच्या इस्पितळातून ड्रम वाफवून आणले. बाईंनी भिंतीवर एक फळा लावला: आधी किती गॉज, नंतर किती, शिवायच्या आधी मामांनी मोठ्याने मोजायचं, आकडा जुळला नाही तर सुई खाली ठेवायची, मग टेबलावर कुणीही असो. दहाव्या दिवशी प्रत्येक घरी फोन. काही जणांनी हसण्यावारी नेलं. एक डॉक्टर म्हणाले, “आम्हाला आता बालवाडीत घातलंय, एक, दोन, तीन.” बाई म्हणाल्या, “हो, आणि मी पहिल्या बाकावर बसलेय.” त्यांना आता एका ऑपरेशनला पस्तीस मिनिटं लागत. घड्याळ लावून बघायला कुणी येईनासं झालं. सुरुवातीला ते त्यांना खुपलं, हेही खरं.

मोठे साहेब मात्र फळ्याकडे कानाडोळा करत. त्यांच्यासमोर मामा मोजत खरे, पण पुटपुटल्यासारखं.

एक दिवस साहेब एका थोराड कुत्र्याची प्लीहा काढत होते. बाई मदतीला होत्या. काम देखणं झालं होतं; साहेबांनी सुई मागितली.

मामा म्हणाले, “साहेब, एकोणतीस आहेत.”

“बरं.”

“तीस काढले होते.”

“मोजण्यात चुकलं असेल. सुई द्या.”

मामांनी सुईचा ट्रे उचलला आणि मागे धरला. कपाळावर घाम फुटला होता, पण ट्रे पुढे आला नाही. “साहेब, फळ्यावर लिहिलंय. टेबलावर कुणीही असो.”

साहेबांनी बाईंकडे बघितलं. एका शब्दाने बाईंना मामांना गप्प करता आलं असतं. शिकवणारे साहेब, आणि कुत्रा भुलीखाली. बाई म्हणाल्या, “सर, शोधू या.”

पोटाचा कोपरा न् कोपरा पाहिला. नाही. पुन्हा पाहिला. नाही. बादली उपडी केली, चादरी झटकल्या. अकरा मिनिटं गेली. साहेबांचा चेहरा लालबुंद. शेवटी मामा गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, “साहेब, जरा डावा पाय उचला.”

बुटाच्या तळव्याला तिसावा गॉज चिकटला होता. निळी फीत टाचेमागे शेपटीसारखी लोंबत होती.

कुणाला हसायचं धाडस झालं नाही. साहेबांनी टाके घातले, हातमोजे काढून फेकले आणि बाहेर गेले. बाईंना वाटलं, संपलं. इतक्या महिन्यांची मेहनत एका बुटाखाली चिरडली. मामा तर बदलीच्या तयारीने कपाट आवरायला लागले.

तासाभराने साहेब परत आले, फळ्यासमोर उभे राहिले. खडू घेतला आणि यादीच्या तळाशी आपल्या तिरप्या अक्षरात लिहिलं: ‘बुटांचे तळवे बघणे.’ मग मामांकडे न बघता म्हणाले, “उद्यापासून मोठ्याने मोजत जा. पुटपुटलेलं मला ऐकू येत नाही.”

त्या वर्षाअखेरीस जखमा चिघळण्याचं प्रमाण शंभरात सोळावरून चारावर आलं. भुलीखाली होणारे मृत्यू मात्र हटेनात. त्यासाठी बाईंना आणखी सहा वर्षं झुंजावं लागलं. भूल देणाऱ्याने दुसरं कुठलंही काम करायचं नाही, दर पाच मिनिटांनी नाडी आणि श्वास लिहायचा, मांजर भुलीत गार पडू नये म्हणून अंगाखाली गरम पाण्याची पिशवी ठेवायची: दिसायला साध्या गोष्टी, पण एकेकीसाठी भांडण. दोन डॉक्टर कंटाळून नोकरी सोडून गेले. त्यातला एक जाताना म्हणाला, “तुम्हाला जनावरांपेक्षा आकडे प्यारे.” बाई ते शब्द बरेच दिवस चघळत राहिल्या. पण फोन थांबवले नाहीत.

मोठे साहेब निवृत्त झाले, बाई त्यांच्या खुर्चीत आल्या. आल्या आल्या त्यांनी वही दुसऱ्या गावांत नेली. सुट्टीच्या दिवशी बस धरायची, एखाद्या दवाखान्यात जायचं, तिथल्या डॉक्टरांसमोर आधी स्वतःच्या दोन गॉजची गोष्ट सांगायची आणि मग विचारायचं, “तुमचं काय?” पहिल्या वर्षी तीन दवाखाने आकडे द्यायला तयार झाले, पाचव्या वर्षी अठ्ठावीस. काही ठिकाणी चहा पाजून वाटेला लावलं. तिथे त्या पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या. एका ठिकाणी चौथ्या खेपेला दार उघडणारा डॉक्टर हात जोडून म्हणाला, “मॅडम, तुम्ही दमत कशा नाही?” बाई म्हणाल्या, “दमते की. बस बदलताना बसते जरा.”

आता त्यांचे केस पिकलेत. अठ्ठावीस दवाखान्यांचे आकडे दर महिन्याला एकत्र येतात, कुणाचं नाव न लावता, आणि जिथे काही बिघडतंय तिथे कुणीतरी मदतीला जातं. जनावरं अजूनही दगावतात. दर मंगळवारी सकाळी थिएटरशेजारच्या खोलीत सगळे बसतात, परिचरांपासून मुख्य डॉक्टरांपर्यंत, आणि आठवड्यात काय चुकलं ते सांगतात.

गेल्या मंगळवारी दोन गोष्टी होत्या. एक, उशिरा आणल्यामुळे दगावलेला बोकड. दोन, एक ससा: वाढलेले दात घासून कमी करायला म्हणून भूल दिली आणि उठलाच नाही. भूल बाईंनी दिली होती. नव्यानेच लागलेली डॉक्टर अवघडून म्हणाली, “मॅडम, ससे भुलीला नाजूकच असतात, तो कुणाच्याही हातून—”

“थांब,” बाई म्हणाल्या. “भुलीचं औषध वजनावर ठरतं, आणि त्याचं वजन मी अंदाजाने धरलं होतं. वजनकाटा दोन खोल्या पलीकडे होता, तेवढं चालायचा मला कंटाळा आला.”

आणि त्या उठून वजनकाटा आणायला गेल्या, तो टेबलाशेजारी कुठे बसेल ते सगळ्यांबरोबर ठरवायला.